बरणीमागचा सेन्सर

लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशी आमच्या वहिनींनी, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंनी, भरल्या बैठकीत होणाऱ्या विहीणबाईंना सांगितलं, “रुखवतातली लोणच्याची बरणी माझी असेल हो. हिच्या हाताला लोणचं टिकत नाही. नव्या घरी जाऊन नासायचं, त्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं.”

विहीणबाई हसल्या. मीही हसले. त्या दिवशी मुलीची आई कशालाही हसते. पण पोहे वाढताना माझ्या हातून खोबरं जरा जास्तच जोरात पडत होतं, आणि आमचे हे माझ्याकडे असे बघत होते की जणू पुढची बशी त्यांच्याच डोक्यावर पडणार.

मला माझ्या मुलीच्या रुखवतात माझ्या हातच्या लोणच्याची बरणी हवी होती. बाकी काही नको. साड्या वहिनींनी निवडाव्यात, आचारी त्यांनी ठरवावा, मंडपात कुठला पडदा लावायचा तेही त्यांनीच बघावं. पण बरणी माझी. आता पन्नाशीची बाई एवढ्यावर हटून बसते हे लिहायलाही लाज वाटते, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दुर्दैवानं पुरावा वहिनींच्या बाजूनं होता. सासूबाई गेल्यापासून आमच्या घरात चूल एक, पण साठवणीच्या लोणच्याच्या बरण्या दोन. कारण मेथी. वहिनी मेथी तळून कुटून घालतात, माझ्या माहेरी मुरुडला ती अख्खी तळून घालतात, आणि या एका मुद्द्यावर आम्ही दोघी गेली कैक वर्षं एकमेकींना अडाणी समजतो. दोन्ही बरण्या सारख्याच, चिनीमातीच्या, सासूबाईंच्याच जोडीतल्या. वहिनींच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा पांढऱ्या फडक्याचा, माझ्या बरणीचा फुलाफुलांचा, माझ्या जुन्या साडीचा. वैशाखात बांधलेला दादरा दसऱ्यालाच सोडायचा हा घरचा नेम. तोवर गेल्या वर्षीचं खायचं. आणि गेले तीन दसरे माझा दादरा सोडला की आत लोणच्यावर पांढरी बुरशी, गालिचा अंथरल्यासारखी.

पहिल्या वर्षी वहिनी म्हणाल्या, “होतं असं कधीकधी.” दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, “मीठ कमी घातलंस.” तिसऱ्या वर्षी काही बोलल्याच नाहीत, फक्त त्यांची बरणी माझ्यापासून हातभर लांब सरकवलीन. आणि त्या माघात थेट बैठकीत बोलल्या.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दरवर्षी सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकी सगळं सारखं ठेवा, मग निष्कर्ष काढा. वहिनींची बरणी कोठीच्या खोलीत खिडकीजवळच्या फळीवर, माझी पलीकडच्या कोपऱ्यात पाटावर, तीन वर्षं. हात वेगळे, हे वहिनींना दिसलं. जागा वेगळी, हे मला एकदाही सुचलं नाही. अशा बाईनं मुलांच्या वह्या लाल शाईनं तपासू नयेत.

सुचवलं लेकीनं. ती पुण्याला नोकरीला. फोनवर मी अर्धा तास तिच्या काकूविषयी बोलले, तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, कोठीत हवा कशी असते ते मोज ना. माझ्या कपाटात कॉलेजच्या प्रोजेक्टचा खोका आहे बघ.”

खोक्यात पत्त्याच्या अर्ध्या पानाएवढा एक बोर्ड होता. मायक्रोकंट्रोलर म्हणतात तो हाच हे मला पुस्तकातून माहीत होतं, हातात पहिल्यांदा घेतला. एक पांढरा, जाळीदार सेन्सर, तापमान आणि हवेतला दमटपणा मोजणारा. एक इवलं घड्याळाचं सर्किट, मेमरी कार्डाची खाच, आणि रंगीत वायरींचा गुंता. दर पाच मिनिटांनी सेन्सर आकडा वाचणार आणि तारीख-वेळेसकट कार्डावर लिहून ठेवणार. प्रोग्राम लेकीनं पाठवला, वायरी मी जोडल्या, आणि पहिल्या दिवशी आमच्या कोठीत तापमान शून्याखाली एकशेत्रेपन्नास अंश निघालं.

“दोन वायरी उलट्या लावल्यास,” लेक म्हणाली.

“मला वाटलं बाहेर थंडी पडलीय.”

मग त्या तारखा. कार्ड लॅपटॉपला लावलं की प्रत्येक दिवस एक जानेवारी दोन हजार. पुन्हा पुन्हा एक जानेवारी. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा जाते, आणि बोर्ड प्रत्येक वेळी नव्यानं जन्म घेऊन पंचवीस वर्षं मागून सुरुवात करत होता. आठवडाभराचे आकडे असे वाया गेले. लेक शांतपणे म्हणाली, “आई, वेळ नसेल तर त्या आकड्यांना काही अर्थ नाही. घड्याळात सेल घातलास का?” नाण्याएवढा सेल घालायचा असतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनंच सांगितलं होतं, दोनदा. त्या वेळी मी काकूविषयीच बोलत असणार.

सेल आणला. चहाच्या जुन्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, त्यात सगळं बसवलं आणि डबा माझ्या बरणीमागे कोपऱ्यात ठेवला. वहिनींनी विचारलंच.

“हे काय ठेवलंस गो?”

“शाळेचा प्रयोग आहे.”

“माझ्या बरणीपासून लांब असू दे हो, मास्तरीणबाई.”

आषाढात लेक साड्यांच्या खरेदीला आली तेव्हा तिनं बोर्ड बदलून घरच्या वायफायला जोडून दिला. आकडे माझ्या मोबाईलवर दिसायला लागले आणि मी कामातून गेले. वरण उकळतंय, माझं लक्ष मोबाईलवर. शिक्षकांच्या खोलीत, डबा खाताना, मोबाईल. मैत्रिणींना वाटलं मला शेअर बाजाराचा नाद लागला.

आकडे बोलत होते. रात्रभर आणि सकाळी दमटपणा पंच्याऐंशी-शहाऐंशी. पावसाळ्यात रत्नागिरीत घराच्या आत एवढा असणारच, चिऱ्याच्या भिंतीसुद्धा घाम गाळतात. मग सकाळी नऊ चाळीसच्या पुढेमागे आकडा एकदम चढायचा. नव्वद, त्र्याण्णव, सत्त्याण्णव. त्याच वेळी तापमान अंशभर उतरायचं. दुपारपर्यंत तसंच, मग संध्याकाळी हळूहळू खाली. रोज. पाऊस असो नसो. रविवारीसुद्धा. फक्त चार दिवस रेघ सपाट होती, आणि ते चार दिवस भावजी, म्हणजे वहिनींचे यजमान, आणि वहिनी आंजर्ल्याला भावजींच्या भाचीच्या बाळाच्या बारशाला गेले होते.

म्हणजे पाऊस नाही, भिंत नाही. कोणीतरी माणूस.

मला वहिनी हव्या होत्या. अगदी मनापासून. त्या नऊ चाळीसला कोठीत शिरून माझ्या बरणीवर पाण्याचा शिपका मारतायत असं मी दोन दिवस डोळ्यांसमोर आणत होते. पुढच्या रविवारी साडेनऊला मी चाळण शोधायचं निमित्त करून कोठीच्या दारात उभी राहिले.

नऊ अडतीसला आले ते भावजी. पूजा आटोपून, सोवळ्याचं धोतर धुऊन, काठीच्या टोकावर घेऊन. धोतरातून पाण्याची धार.

“बाजूला हो गो, शिवशील.”

मी बाजूला झाले. त्यांनी काठीनं धोतर कोपऱ्यातल्या दोरीवर टाकलंन, काठीनंच पसरलंन, आणि गेले. दोरी बरोबर माझ्या बरणीच्या वर. फुलाफुलांच्या दादऱ्यावर टप टप थेंब.

सोवळं कुणी शिवायचं नाही, म्हणून ते जिथे कुणी जात नाही तिथे वाळत घालायचं. पूर्वी ते मागच्या पडवीत उंच दांडीवर असे. तीन वर्षांपूर्वी भावजींचा खांदा धरला, हात वर जाईना, म्हणून कोठीतली ही ठेंगणी दोरी आली. आणि खांदा धरल्यामुळे धोतर पिळताही येईना. हे सगळं मला माहीत होतं. त्यांच्या खांद्याला शेक द्यायला गरम पाण्याची पिशवी मीच भरून देत होते. सकाळी डबे, कुकर, शाळा या घाईत मी त्या वेळी कोठीत कधी गेले नव्हते, आणि संध्याकाळी जावं तर धोतर गळायचं थांबलेलं. त्या धोतराशी माझ्या बुरशीचा संबंध जोडायला मला तीन वर्षं आणि एक सेन्सर लागला.

माझ्या हातानं लोणचं विटतं म्हणणाऱ्या घरात, लोणचं नासत होतं ते घरातल्या सगळ्यात पवित्र वस्त्रानं. मी तिथेच खाली बसले आणि किती तरी वेळ हसत होते.

आता इथे शहाणी बाई काय करेल? वहिनींना बोलावेल, आलेख दाखवेल, बरणी हलवेल, विषय संपेल. मी आलेख छापूनही आणला होता, रंगीत. पण तो हातात घेऊन मी मनात ते दृश्य रंगवलं तेव्हा वहिनी त्यात एवढंच म्हणत होत्या, “अस्सं होय, मग सरकव बरणी.” एवढंच. तीन वर्षं आणि एक भरली बैठक, आणि त्यावर “सरकव बरणी”. मला ते पुरत नव्हतं. मला त्यांच्या बरणीत बुरशी हवी होती.

पुढच्या शनिवारी माझी शाळा सकाळची, सुटून मी लवकर घरी. वहिनी देवळात, भावजी बँकेत. मी कोठीत शिरले. आधी माझा दादरा सोडला. कापड ओलं होतं, पण आत लोणचं अजून स्वच्छ होतं, खार वर आलेला, बरणीचा काठ तेवढा ओलसर. तो कोरड्या फडक्यानं टिपला. मग दोन्ही बरण्यांची अदलाबदल केली. दहा-दहा किलोच्या बरण्या पोटाशी धरून, एक पाय दारापाशी, कान फाटकाकडे. पाठीत चमक भरली ती गणपतीपर्यंत होती. माझी बरणी खिडकीच्या फळीवर, त्यांची दोरीखाली कोपऱ्यात. आणि बाहेरून काही कळू नये म्हणून दादरेही बदलले. पांढरा माझ्या बरणीला, फुलाफुलांचा त्यांच्या.

किती हुशारीचं वाटलं होतं ते तेव्हा.

त्यानंतरचे अडीच महिने मी रोज सकाळी नऊ चाळीसला मोबाईल बघत होते. आकडा सत्त्याण्णववर गेला की दिवस बरा जायचा. भावजींना धोतर घेऊन जाताना पाहिलं की मनात म्हणायची, घाला, भावजी, नीट पसरून घाला. श्रावणात मला ताप आला. वहिनींनी तीन दिवस शाळेचा निरोप, औषध, कपाळावर पट्ट्या, सगळं बघितलंन. मऊ पेज करून, वर तूप घालून, माझ्या उशाशी बसल्या. “पी हो गरम आहे तोवर. काय हाडं झालीयत तुझी.” मी पेज पीत होते. वाटीआडून मोबाईल पाहिला. अठ्ठ्याण्णव. आणि मला, काय सांगू, पेज अधिकच गोड लागली.

तापातून उठल्यावर मात्र लेकीला सांगितल्याशिवाय राहवेना. तिनं आधी एकच विचारलं.

“दादरेपण बदललेस?”

“मग? कळलं असतं ना त्यांना.”

“आई, दसऱ्याला काय होणार? फुलाफुलांच्या दादऱ्याची बरणी नासलेली निघणार. काकू म्हणणार, बघा, हिची नासली. पांढऱ्या दादऱ्याची चांगली निघणार. ती काकूची म्हणून रुखवतात जाणार.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात दसरा शोधला.

“आणि तू खरं सांगितलंस तरी काकू म्हणेल, माझ्या बरणीला हिनं हात लावलान म्हणून नासली. तिचंच म्हणणं सिद्ध होतंय की. आई, तू प्रयोग नाही केलास. सूड घेतलायस, आणि तोही स्वतःवर.”

अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवून ही परिस्थिती. पुन्हा अदलाबदल करावी म्हणून मी दोनदा कोठीत गेले. एकदा वहिनी नारळ घ्यायला आत आल्या. दुसऱ्यांदा कुणी नव्हतं. मी त्यांच्या बरणीवरच्या ओल्या दादऱ्याला हात लावून पाहिला, थोडा वेळ उभी राहिले, आणि परत आले. नासू दे, म्हटलं. माझं नाव नाही तर नाही, पण ती नासू दे.

दसऱ्याला व्याही मंडळी जेवायला आली. हातखंब्याच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं त्यात तासभर अडकून, भुकेजून. पानं मांडली. वहिनींनी दोन्ही बरण्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणवल्यान आणि विहीणबाईंना मुद्दाम आत बोलावलंन. मला कळलं, हे माझ्यासाठीच आहे.

आधी फुलाफुलांचा दादरा सोडला. झाकण काढलं. वास आधी आला. बुरशी या वर्षी पांढरी नव्हती, हिरवट झाली होती.

“मी म्हटलं नव्हतं?” वहिनी विहीणबाईंना म्हणाल्या. “हिचा दोष नाही हो. हात असतो एकेकाचा.”

विहीणबाईंनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. वहिनींनी पांढरा दादरा सोडलान. आत खार लालबुंद, वर तेलाची तकाकी. त्यांनी पळी खाली घालून वर काढलीन.

पळीत फोडी होत्या, आणि फोडींना चिकटलेले मेथीचे अख्खे, तळलेले, तांबूस दाणे.

वहिनींचा हात हवेत थांबला. त्यांनी पळीकडे पाहिलंन. मग बाजूच्या नासलेल्या बरणीकडे. तिथे बुरशीखाली मेथी दिसण्यासारखी नव्हती, पण दिसायची गरजही नव्हती. मग माझ्याकडे पाहिलंन. मी वाटी पुढे केली.

“वाढा ना, वहिनी. मंडळी खोळंबलीत.”

त्या बोलू शकत नव्हत्या. हे लोणचं माझं नाही म्हणावं, तर नासलेलं त्यांचं. गप्प बसावं, तर दुसरीच्या लोणच्याची वाहवा स्वतःच्या नावावर घ्यावी लागणार, आणि ती दुसरी समोर उभी. मी इतकं नीट आखलेलं नव्हतं. माझी अक्कल एवढी नाही. पण मिळालं ते मी सोडणार नव्हते.

पंगतीत विहीणबाईंनी पहिली फोड खाल्ली आणि म्हणाल्या, “सुंदर झालंय हो तुमचं लोणचं. फोड कशी करकरीत राहिलीय.”

वहिनी म्हणाल्या, “हं.”

तेवढ्यात भावजी, ज्यांना कसलीच कल्पना नव्हती, पानावरून मान वर करून म्हणाले, “खरंच गो. नेहमीपेक्षा पुष्कळच बरं जमलंय तुला यंदा.”

मी ताबडतोब वाटी घेऊन वहिनींच्या पानाशी गेले. “तुम्हीच नाही घेतलंत, वहिनी.” एक फोड वाढली. त्यांनी ती तोंडात टाकलीन. मेथीचा दाणा दाताखाली कुरकन मोडलेला मला ऐकू आला, किंवा मला तसं वाटलं. मी दुसरी वाढली.

“पण एक सांगा,” विहीणबाई म्हणाल्या, “मेथी अख्खी घातलीत, तरी कडू कशी नाही लागत? आमच्याकडे कडवटते. किती वेळ तळता?”

सगळे वहिनींकडे बघत होते. लेक पुण्याहून सुट्टीवर आलेली, ती पानाकडे बघत होती. वहिनींनी आजन्म मेथी अख्खी तळली नव्हती. त्यांनी घास गिळलान, घोटभर पाणी प्यायल्या.

“ते हिला विचारा,” त्या म्हणाल्या. “हिच्या मुरुडची पद्धत आहे ती. लोणचं हिचंच आहे. दादरे बदललेले दिसतात.”

एवढंच. मग त्यांनी आमटी वाढून घेतलीन.

मी विहीणबाईंना मेथी कशी तळायची ते सांगितलं. मंद आचेवर, रंग बदलला की लगेच उतरवायची. या क्षणासाठी मी आठ महिने जगले होते आणि मला बोलताना ठसका लागला.

मंडळी गेल्यावर वहिनी कोठीत गेल्या. मी मागोमाग. त्या कोपऱ्यातल्या मोकळ्या पाटापाशी उभ्या होत्या. वर धोतर. पाटावर ओला, काळपट डाग पडलेला. त्यांनी वर पाहिलंन, खाली पाहिलंन. त्यांना आलेख लागला नाही.

“कधी हलवलीस माझी बरणी?”

“आषाढातल्या शेवटच्या शनिवारी. अकरा वाजून बारा मिनिटांनी.” मी कोठीत शिरले तेव्हा माझ्या श्वासानं आकडा दोननं चढला होता, म्हणून वेळ पाठ होती.

“मला सांगायचं होतंस.”

“तुम्ही मला बैठकीत सांगितलंत ना? मीही मंडळी जमल्यावरच सांगितलं.”

त्यांनी पाटावरचा डाग बोटानं घासून पाहिलान. मला वाटलं आता रडतील, आणि रडल्या असत्या तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पण वहिनींना कच्चं समजणं ही माझी जुनी चूक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विहीणबाईंना फोन लावलान. स्पीकरवर, माझ्या समोर. “अहो, कालचं राहिलंच सांगायचं. रुखवतात बरणी हिचीच जाईल. आणि यापुढे या घरातलं लोणचं हीच घालेल. सगळ्यांचं. तुम्हांलाही दरवर्षी एक बरणी पाठवेल हो. माझं आता वय झालं, आणि हिच्या हाताला एवढा गुण आहे तर तो वाया का घालवा?”

विहीणबाई भारावल्या. मला फोनवरून नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

बरणी रुखवतात गेली. फुलाफुलांच्या दादऱ्यासकट, माझ्या नावासकट. लग्न नीट पार पडलं. भावजींचं धोतर आता मागच्या पडवीत, त्यांच्या खांद्याला सोसेल अशा बुटक्या दोरीवर वाळतं, आणि आपल्या सोवळ्यानं लोणचं नासलं हे ते अजून मान्य करत नाहीत.

आता वैशाख आहे. मी हे लिहिते आहे ते उजव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी बांधून. आमच्या घरच्या दोन, वहिनींच्या माहेरची, लेकीच्या सासरची आणि ऐनवेळी सांगून आलेल्या भावजींच्या आंजर्ल्याच्या भाचीची मिळून पाच बरण्यांच्या कैऱ्या पुढच्या पडवीत पसरल्या आहेत. शाळेला सुट्टी आहे हे वहिनींनी सगळ्यांना आपण होऊन कळवलंन. त्या स्वतः झोपाळ्यावर बसल्या आहेत, कोकमाचं सरबत घेऊन.

“फोडी सारख्या कर हो, मास्तरीणबाई,” त्या म्हणतात. “गेल्या खेपेस दोन मोठ्या निघाल्या होत्या.”